टॅग एक, नियम तीन

समजा, महापालिकेला पाणीपुरवठ्याचं जाहीर प्रकटन संकेतस्थळावर टाकायचं आहे. वर शीर्षक, खाली दोन ओळींत कारण, मग कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी येणार याचा तक्ता आणि शेवटी चौकशीसाठी पत्ता व फोन नंबर. नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात असं प्रकटन लोक किती बारकाईनं वाचतात, हे सांगायला नको. पान बनवणाऱ्या मुलाला हे काम अर्ध्या तासाचं वाटतं. नियम उघडले की मात्र घोडं अडतं. शीर्षकाला कोणता टॅग, म्हणजे त्याचं काम सांगणारी खूण? जोर द्यायच्या शब्दाला कोणता? पत्त्याला पत्त्याचा टॅग लावायचा की नाही? तारखेला तारखेचा? प्रत्येक जागी एक नियम 'लावा' म्हणतो, दुसरा 'लावू नका' म्हणतो आणि तिसरा मधल्या काळात बदललेला असतो.

हा वाद तंत्रज्ञांचा आपसातला वाटतो, पण वेबपान कानांनी वाचणाऱ्याला त्याचा थेट फटका बसतो. डोळस माणूस मोठी, ठळक ओळ पाहून हे शीर्षक आहे हे ओळखतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला अक्षराचा आकार कळत नाही, टॅग कळतो. शीर्षकाचा टॅग असेल तर तो 'शीर्षक, पातळी दोन' असं सांगतो आणि वापरणारा एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. साध्या परिच्छेदालाच ठळक करून शीर्षकाचं सोंग दिलं असेल तर ती वाट बंद होते आणि आपल्या पेठेचं नाव येईपर्यंत अख्खं पान ऐकत बसावं लागतं. अमेरिकेतल्या यूटा स्टेट युनिव्हर्सिटीतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी करते. २०२३-२४ च्या पाहणीत, लांबलचक पानावर माहिती शोधताना सर्वांत आधी शीर्षकांचा आधार घेतो असं ७१.६ टक्के लोकांनी सांगितलं.

हे टॅग ज्या भाषेतले, ती एचटीएमएल मुळात मजकुराचा अर्थ सांगणारीच भाषा होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास सर्नमध्ये जे मोजके टॅग ठरवले, त्यांत शीर्षकं होती, याद्या होत्या, पत्त्याचा टॅगही होता. पुढे ब्राउझर कंपन्यांच्या चढाओढीत रंग, फाँट आणि चौकटींचे टॅग घुसले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पानाची मांडणी तक्त्यांत तक्ते कोंबून होऊ लागली. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० नं दिसण्याचं काम स्टाइलशीटकडे सोपवायचा आग्रह धरला. त्या वेळी नियम करणारी संस्था एकच होती, बर्नर्स-ली यांचीच डब्ल्यूथ्रीसी. पण या संस्थेनं पुढे एक्सएचटीएमएलचा कडक मार्ग धरला आणि २००४ मध्ये सॅन होजेच्या कार्यशाळेत मोझिला व ऑपेरा यांनी मांडलेला, आहे त्याच एचटीएमएलला वाढवण्याचा प्रस्ताव फेटाळला. काही दिवसांतच ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांनी व्हॉटडब्ल्यूजी नावाचा वेगळा गट काढला. डब्ल्यूथ्रीसीनं नंतर त्यांचंच काम हाती घेतलं, २००९ मध्ये आपलं एक्सएचटीएमएल २ गुंडाळलं आणि २८ ऑक्टोबर २०१४ ला एचटीएमएल ५ अधिकृत केलं. तोवर एका घरात दोन चुली पेटल्या होत्या. व्हॉटडब्ल्यूजीची प्रत रोज बदलणारी, डब्ल्यूथ्रीसीची ठरावीक काळानं गोठवलेली. नाव एक, मजकूर बराचसा एक, आणि नेमके अर्थ सांगणारे काही टॅग मात्र दोन्हीकडे वेगळे.

२८ मे २०१९ ला दोघांत समझोता झाला. एचटीएमएलची मूळ प्रत व्हॉटडब्ल्यूजीची, डब्ल्यूथ्रीसीनं तिच्यावर शिक्का मारायचा. भांडण कागदावर मिटलं, पण मधल्या सात-आठ वर्षांत छापलेली पुस्तकं, तयार झालेले अभ्यासक्रम आणि पाठ झालेली उत्तरं तशीच राहिली. आजच्या गोंधळाचा मोठा वाटा या शिळ्या उत्तरांचा आहे.

शीर्षकांचंच पाहा. एचटीएमएल ५ नं सेक्शन, आर्टिकल, नॅव्ह, असाइड हे विभागांचे टॅग आणले आणि त्यांच्यासोबत एक आकर्षक कल्पना आणली. प्रत्येक विभागाची सुरुवात एच-वन या सर्वांत वरच्या शीर्षकानं करा. कोण कोणाच्या पोटात आहे हे पाहून खरी पातळी ब्राउझर ठरवेल. बातमीचा तुकडा एका पानावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला तरी शीर्षकांचे आकडे बदलायला नकोत. कागदावर झकास. पण एकाही ब्राउझरनं ही ठरवलेली पातळी स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवली नाही. उलट पडद्यावर मात्र विभागाच्या आतलं एच-वन ब्राउझर आपोआप लहान करून दाखवत होते. डोळ्यांना उतरंड दिसत होती आणि कानांना सगळी शीर्षकं 'पातळी एक' ऐकू येत होती. जिच्यासाठी हा खटाटोप, त्या व्यक्तीलाच गैरसमजात ठेवणारी यापेक्षा वाईट व्यवस्था शोधून सापडणार नाही. जुलै २०२२ मध्ये ही कल्पना नियमांतून काढली. एच-वन लहान करून दाखवण्याची सवय ब्राउझरांनी सोडायला सुरुवात केली ती २०२५ मध्ये.

मग पानावर एच-वन किती असावेत? गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये सांगितलं की शोधासाठी एक असो वा अनेक, काही अडत नाही. हे वाक्य एसइओवाल्यांनी, म्हणजे शोधात पान वर आणण्याचं काम करणाऱ्यांनी, लगेच उचललं. मोझिलाची संदर्भपानं एकच ठेवा म्हणतात. एक पातळी वगळून एच-टूवरून थेट एच-फोरवर जाणं आताच्या एचटीएमएल नियमांना चालत नाही, पण अपंगांसाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत ती थेट नापास करणारी चूक नाही. त्यामुळे तपासणीचं एक यंत्र लाल खूण करतं आणि तपासणीस मात्र पान पास करतो. यात सगळ्याच पंचांना मान्य होईल असं उत्तर आहे: एक एच-वन, आणि पुढे क्रमानं. त्याला खर्च काही येत नाही.

एचग्रुप या टॅगची कथा तर कोर्टाच्या तारखांसारखी. मराठी वृत्तपत्रांत मथळ्याच्या वर एक छोटी ओळ आणि खाली उपमथळा असतो. ही सगळी मिळून एक शीर्षक मानण्यासाठी हा टॅग होता. डब्ल्यूथ्रीसीनं २०१३ मध्ये तो काढून टाकला, व्हॉटडब्ल्यूजीनं ठेवला, २०२२ मध्ये त्याचा अर्थ बदलून आत एक शीर्षक आणि बाकी साधे परिच्छेद असं ठरवलं. मेन टॅगचा प्रवास उलटा. तो डब्ल्यूथ्रीसीच्या बाजूनं, स्टीव्ह फॉकनर यांच्या प्रस्तावातून २०१२ मध्ये पुढे आला. व्हॉटडब्ल्यूजीच्या संपादकांना, म्हणजे इयन हिक्सन यांना, तो सुरुवातीला नको होता. आज तो वादातीत आहे. सरकारी संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात 'मुख्य मजकुराकडे जा' असा दुवा दिसतो, तो नेमका कुठे जायचा याचं उत्तर हा टॅग देतो.

ठळक आणि तिरक्या अक्षरांकडे वळलं की प्रश्न मराठीच्या अंगणात येतो.

जुन्या नियमांत बी म्हणजे ठळक, आय म्हणजे तिरकं, इतकंच. मग स्वच्छ मार्कअपची लाट आली. जेफ्री झेल्डमन यांचं वेब मानकांवरचं गाजलेलं पुस्तक २००३ चं. 'बी वाईट, स्ट्राँग चांगला. आय वाईट, एम चांगला' असा मंत्र त्याच सुमारास पसरला आणि लोकांनी सरसकट शोधा-बदला चालवलं. वर्डप्रेसच्या संपादकातलं बी हे बटण आजही आतून स्ट्राँग लिहितं. एचटीएमएल ५ नं मात्र बी आणि आय यांना नवे अर्थ देऊन परत बसवलं. स्ट्राँग म्हणजे महत्त्व, एम म्हणजे बोलताना दिला जाणारा आघात, बी म्हणजे जादा महत्त्व न देता लक्ष वेधणं, आणि आय म्हणजे वेगळा सूर: परभाषेतला शब्द, शास्त्रीय नाव, मनातला विचार. यू हा अधोरेखनाचा टॅग एचटीएमएल ४ नं मोडीत काढला होता. तोही चिनी विशेषनामं आणि चुकीचं स्पेलिंग दाखवण्याच्या निमित्तानं परतला.

ही विभागणी रोमन छपाईच्या सवयींवर उभी आहे. इंग्रजी पुस्तकात परभाषेतला शब्द तिरका छापतात, म्हणून आय. मराठी छपाईत तसा शब्द एकेरी अवतरणात जातो किंवा ठळक होतो. तिरक्या अक्षरांची परंपरा देवनागरीला नाही. एकटाईपचा मुक्त किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी, यांत तिरकी जोडी नाही. आय लावला की ब्राउझर सरळ अक्षरांनाच बळेबळे कलतं करतो आणि वेलांट्या, रफार, मात्रा एकमेकांच्या अंगावर जातात. मोबाइलवर बारीक अक्षरांत 'र्कि' किंवा 'ष्ट्री' असा कलता शब्द वाचून पाहावा. डब्ल्यूथ्रीसीच्याच आंतरराष्ट्रीयीकरण विभागानं बी आणि आय जपून वापरा, अर्थ क्लासच्या नावातून सांगा, म्हणजे दुसऱ्या लिपीत रूप बदलणं सोपं जाईल, असा सल्ला दिलेला आहे. एका दारातून 'परभाषेला आय लावा' आणि शेजारच्या दारातून 'जरा थांबा'. मराठीपुरता तोडगा स्टाइलशीटमध्ये आहे: आय टॅग ठेवायचा, पण भाषा मराठी असेल तेव्हा त्याला सरळ आणि थोडं वेगळ्या रंगाचं किंवा वजनाचं करायचं. दोन ओळींचं काम, पण करणारे थोडे.

आता कानांचं काय? इथे सगळ्या वादातली हवाच निघते. एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये जोर दिलेला शब्द सांगण्याची सोय आहे, पण मुळात ती बंद असते. सुरू करायला सेटिंगमध्ये जावं लागतं. म्हणजे एम की आय, स्ट्राँग की बी यावर जे पानंच्या पानं लिहिलं गेलं, त्यातला फरक बहुतेक ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. प्रकटनात 'पाणी उकळून प्यावे' हे खरोखर महत्त्वाचं असेल, तर ते वाक्य वर घ्यावं. टॅगच्या भरवशावर राहू नये.

अवतरणांच्या बाबतीत पंढरपूरचा जिल्हा एक छान पेच टाकतो. साइट हा टॅग संदर्भासाठी. व्हॉटडब्ल्यूजी म्हणते की त्यात फक्त कृतीचं नाव: पुस्तक, नाटक, चित्रपट, माणसाचं नाव घालायचं नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या २०१४ च्या प्रतीनं लेखकाचं नावही चालवलं. ब्लॉककोट या अवतरणाच्या टॅगमध्ये श्रेय आत लिहायचं की बाहेर, यावरही दोघांचे दोन रस्ते होते. व्हॉटडब्ल्यूजीचा आग्रह बाहेरचा, कारण आत फक्त उद्धृत केलेलं असावं. आता एखाद्या पानावर अभंग द्यायचा आहे. शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते. ती मजकुराचाच भाग, म्हणून आतच राहणार. खाली 'संत तुकाराम' अशी वेगळी ओळ दिली तर ती बाहेर, आणि साइटशिवाय. 'तुकाराम गाथा' असं लिहिलं तर साइट चालेल. नियम पाळता येतो, फक्त नियम लिहिताना श्रेय कवितेतच गुंफणारी परंपरा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. ओळी तोडायला मात्र बीआर बिनधास्त वापरावा. कविता आणि पत्ते यांसारख्या गोष्टींसाठीच तो आहे असं नियम स्वतःच सांगतात, आणि 'बीआर कधीच नको' असं शिकवणारे इथे चुकतात.

पत्त्याचा टॅग हा सर्वांत फसवा. नाव ॲड्रेस, पण कोणत्याही टपाली पत्त्याला तो लावायचा नाही. ज्यानं पान किंवा लेख लिहिला त्याच्याशी संपर्क कसा साधायचा, एवढ्यापुरताच तो आहे. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके: उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, सांगोला, माळशिरस, मोहोळ, माढा, करमाळा. अकराही तहसील कार्यालयांचे पत्ते एका पानावर द्यायचे तर नियमानं प्रत्येकाला साधा परिच्छेद. पानाच्या तळाशी त्या पानाची जबाबदारी असणाऱ्या कार्यालयाचा पत्ता असेल, तर त्यालाच ॲड्रेस. नवशिका उलटं करतो, आणि त्याला दोष देणं अवघड आहे. 'पत्ता' असं नाव ठेवून पत्त्यासाठी मनाई करणारा टॅग कोणत्याही भाषेत गोंधळ घालणारच.

तारखेचा टाइम टॅग तर एकदा गायबच झाला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये हिक्सन यांनी तो काढून त्याच्या जागी डेटा हा सर्वसाधारण टॅग ठेवला. ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात तो परतला. याची रचना अशी, की वाचणाऱ्याला दिसणारा मजकूर एक आणि यंत्रासाठी आतली तारीख दुसरी. वर 'आषाढ शुद्ध एकादशी' लिहा, आत ६ जुलै २०२५. सोय उत्तमच. पण आतली तारीख ग्रेगोरियनच हवी, वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं, आणि आकडे इंग्रजीच. देवनागरी आकडे आत घातले तर यंत्र ती तारीख मानत नाही. शक, तिथी, नक्षत्र यांना जागा नाही. कार्तिकी आणि चैत्री वाऱ्यांची पानं करणाऱ्यांनी तिथी दिसण्यापुरती आणि तारीख यंत्रापुरती ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

या सगळ्यांपेक्षा मोठा फरक पाडणारी गोष्ट टॅगही नाही, टॅगला जोडलेला एक गुण आहे: मजकूर कोणत्या भाषेतला हे सांगणारा लँग. त्यावर मानकांमध्ये जवळपास एकमत आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त विसरला जातो. तयार साचा घेतला की त्याच्या पहिल्या ओळीत इंग्रजीचा लँग असतो आणि खाली शंभर टक्के मराठी. मग काही आवाज देवनागरी मजकूर गाळूनच टाकतात, काही सुटी अक्षरं वाचत बसतात. हिंदीचा लँग ठेवला तर वाचन होतं, पण 'चाक' आणि 'जाड' यांतले च-ज हिंदी वळणाचे निघतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, अँड्रॉइडवर गूगलचाही आहे. पानानं 'मी मराठी आहे' एवढं सांगायची खोटी.

सोलापुरात तेवढ्यानं भागत नाही. पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि उर्दू माध्यमाच्या शाळा शहरात आहेतच. डब्ल्यूसीएजीचा ३.१.१ हा निकष पानाची भाषा मागतो. तो प्राथमिक 'ए' पातळीचा. ३.१.२ पानातल्या परभाषी तुकड्यांचीही भाषा मागतो, तो 'एए'चा. विशेषनामं आणि रुळलेले शब्द मात्र त्यातून सुटतात, त्यामुळे मतदार यादीतल्या प्रत्येक तेलुगू आडनावाला वेगळी खूण लावायची गरज नाही. कन्नड लिपीतली आख्खी सूचना असेल तर लावायलाच हवी. ती आय टॅगला जोडायची की अर्थ नसलेल्या स्पॅनला, हा पुन्हा वरचाच वाद. सोलापुरासाठी स्पॅन बरा, कारण तिरकी कन्नड कुणालाच नको.

उर्दूची गंमत वेगळी. शाळांच्या यादीत उर्दू लिपीतलं नाव, पुढे पटसंख्या, पुढे प्रभाग क्रमांक अशी ओळ असेल आणि आकडे इंग्रजी असतील, तर पडद्यावर आकडे नावाच्या भलत्याच बाजूला जाऊन बसतात, कारण उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी लिपी त्यांना आपल्यासोबत ओढते. तेच आकडे देवनागरी असतील तर जागेवर राहतात. युनिकोडनं देवनागरी आकड्यांना डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षरांसारखं धरलं आहे. नाव बीडीआय टॅगमध्ये ठेवलं की इंग्रजी आकडेही शिस्तीत येतात. एचटीएमएल ५ चा हा टॅग पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपतो. सोलापूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत तो रोज लागावा.

वर जागतिक संस्था दोन, आणि त्यांच्यावर भारतीय थर आणखी. एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेनं २००९ मध्ये भारतीय सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं आणली, जीआयजीडब्ल्यू या नावानं. २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली, ॲपनाही लागू, आणि पाया डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीचा. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे युरोपच्या मानकाला जवळचं. जिल्ह्यांची संकेतस्थळं बहुतेक एनआयसीच्या एस३वास या एकाच साच्यावर चालतात, सोलापूरचंही, त्यामुळे सांगाडा बरा असतो. बिघडतं ते आत भरलेल्या मजकुरात. साच्यानं दिलेली शीर्षकं बाजूला ठेवून कर्मचारी वर्डमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवतो, त्याच्या ठळक ओळींसकट.

इथेही सल्ल्यांची टक्कर आहे. डब्ल्यूसीएजीचा ४.१.१ हा निकष कोड व्याकरणशुद्ध असावा असं सांगायचा. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत तो काढून टाकला, कारण ब्राउझर आता चुका एकसारख्याच सांभाळून घेतात. जुन्या आवृत्त्यांसाठीही एचटीएमएलच्या बाबतीत तो पाळलाच गेला असं समजा, अशी दुरुस्ती आली. जीआयजीडब्ल्यू मात्र २.१ वर उभं आहे. त्यामुळे तपासणी अहवालात कोड तपासणाऱ्या व्हॅलिडेटरनं दाखवलेल्या चुकांची लांबलचक यादी आजही जोडली जाते आणि ठेकेदार ती निस्तरत बसतो, तर बटणाला नाव नाही ही खरी अडचण त्या यादीत हरवते.

ॲपलच्या सफारीनं आणखी एक पेच टाकला आहे. स्टाइलशीटनं यादीचे ठिपके काढले, की सफारी ती यादी आहे हेच स्क्रीन रीडरला सांगायचं थांबवतो. कारण त्यांच्या मते ठिपके नसलेल्या बहुतेक याद्या निव्वळ मांडणीसाठी असतात. उपाय म्हणजे यादीच्या टॅगला पुन्हा 'ही यादी आहे' अशी एआरआयए भूमिका, म्हणजे स्क्रीन रीडरला टॅगचं काम सांगणारा गुण, जोडणं. व्हॅलिडेटर त्यावर 'अनावश्यक' असा इशारा देतो. एआरआयएचा पहिला नियमच सांगतो की मूळ टॅग असताना एआरआयए वापरू नका. मेनूतली यादी असेल तर हे सोडून द्यावं. अकरा तालुक्यांची यादी 'अकरा घटक' म्हणून ऐकू यायला हवी असेल, तर इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून भूमिका लावावी. वेबएम दर वर्षी दहा लाख मुख्यपानं तपासते. एआरआयए वापरणाऱ्या पानांवर सरासरी चुका जास्त सापडतात, हे त्यांचं निरीक्षण वर्षानुवर्षं कायम आहे. क्लिक होणारा डिव्ह बनवून त्याला बटणाची भूमिका, कळफलकाची सोय आणि फोकस हाताने जोडत बसण्यापेक्षा बटणाचा टॅग लावावा. त्यावर कोणत्याही दोन मानकांत वाद नाही.

हे शिकवलं कुठे जातं? राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान पुस्तकात पहिलाच धडा प्रगत वेब डिझायनिंगचा आणि लगेच पुढचा एसइओचा. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला टॅगची ओळख होते ती पान कसं दिसेल आणि गूगलला कसं सापडेल या दोन अंगांनी. प्रात्यक्षिक परीक्षेत पान पडद्यावर बरोबर दिसलं की गुण. ते पान आवाजात ऐकून पाहणं हा भाग त्यात आला असता, तर वरचे निम्मे वाद मुलांना वर्गातच सुटलेले दिसले असते. एनव्हीडीएला पैसे पडत नाहीत.

आणि मग आहेत पीडीएफ. सरकारी कागदांचा मोठा हिस्सा आजही सही-शिक्क्याचं पान स्कॅन करून चढवला जातो. तिथे शीर्षक नाही, यादी नाही, अक्षरही नाही, फक्त चित्र. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या पीडीएफचं दुखणं त्याहून विचित्र, पडद्यावर स्वच्छ मराठी आणि आत रोमन अक्षरांचा गोळा, म्हणून वाचन म्हणजे निव्वळ बडबड. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ खालच्या २०१७ च्या नियमांत १५ व्या नियमानं संकेतस्थळांना जीआयजीडब्ल्यू आणि कागदपत्रांना ई-पब किंवा ओसीआर केलेलं पीडीएफ सांगितलं होतं.

त्याच नियमावर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं बोट ठेवलं. राजीव रतुरी खटल्यात १५ व्या नियमाचा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियमानं तिच्या जागी निव्वळ शिफारशी ठेवल्या. केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक किमान निकष करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. सक्ती आली की कोणत्या तरी एका आवृत्तीवर बोट ठेवावं लागतं. व्हॉटडब्ल्यूजीची प्रत तर रोज बदलते, डब्ल्यूसीएजी २.२ वर पोहोचलं आहे आणि तिसऱ्याचा मसुदा चालू आहे. बंधनकारक निकषांत ४.१.१ राहतो की जातो, २.१ घेतलं जातं की २.२, आणि 'शुद्ध कोड'पेक्षा 'ऐकू येणारं पान' तपासायला सांगितलं जातं का, यावर नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या पुढच्या निविदांतल्या अटी ठरतील.